पोरगं महापालिकेच्या शाळेत घातलंय? मग शाळा व्यवस्थापन समितीत कसं जायचं ते वाचा

परवा आमच्या गल्लीत नवीन राहायला आलेल्या एका वैनींनी जिन्यात गाठून विचारलं, "ताई, हितं शिक्षण मंडळाचं इलेक्शन कधी असतंय, आणि त्यात आपल्याला मत असतंय काय?" त्यांचं पोरगं या जूनमध्ये पहिलीत घातलंय. मी चार वर्षं शाळा व्यवस्थापन समितीत काढलीत, पहिली दोन नुसत्या सह्या ठोकण्यात आणि पुढची दोन जरा अक्कल आल्यावर, त्यामुळं बोलायला लागले की थांबत नाही. तासभर उभ्या उभ्या सांगितलं आणि वर गॅसवर दूध उतू गेलं. मग म्हटलं हे एकदा लिहूनच ठेवावं, म्हणजे पुढच्या वेळी कुणी विचारलं तर पाठवून देता येईल आणि दूध वाचेल.

शिक्षण मंडळ आता नाही

कोल्हापुरात जुनी माणसं अजून "शिक्षण मंडळ" म्हणतात. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यानं ही मंडळं होती, तो कायदा २०१३ साली रद्द झाला आणि मंडळं गेली. आता महापालिकेच्या शाळा बघते ती प्राथमिक शिक्षण समिती, आणि तिथला मुख्य अधिकारी म्हणजे प्रशासनाधिकारी. या समितीसाठी तुम्ही आम्ही बटण दाबायला जात नाही. आपण नगरसेवक निवडून देतो, पुढचं त्यांचं ते बघतात.

पण पालक म्हणून थेट तुमचा हात वर जातो असं एक ठिकाण आहे, ते म्हणजे तुमच्या शाळेची शाळा व्यवस्थापन समिती, शाळेत सगळे हिला एसएमसी म्हणतात. आरटीई कायदा म्हणजे शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, त्याच्या कलम २१ मध्ये ही समिती सांगितलेली आहे. म्हणजे ही हेडमास्तरांची मेहेरबानी नाही हे डोक्यात पक्कं करा, कारण पहिल्यांदा शाळेत गेल्यावर आपण लय बिचकतो, आपलं स्वतःचं शिक्षण कमी असलं तर जास्तच.

इथं मतदार यादी नाही, शाई नाही, चिन्ह नाही. तुमचं मूल त्या शाळेच्या पटावर आहे, झालं, तुम्ही मतदार.

खाजगी शाळेत मूल असेल तर थोडक्यात सांगते. अनुदानित शाळेत एसएमसी असते पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर तिचं काम फक्त सल्ला देण्याचं. विनाअनुदानित शाळेला कलम २१ लागूच नाही, तिथं २०११ च्या फी नियमन कायद्याप्रमाणं पालक-शिक्षक संघ असतो, शाळा सुरू झाल्यापासून ३० दिवसांत तो करायचा असतो आणि त्याच्या कार्यकारी समितीत कोण जाणार ते इच्छुक पालकांच्या चिठ्ठ्या टाकून ठरतं. तिथं प्रचार करून काय उपयोग नाही, नशीब पाहिजे. पुढचं सगळं महापालिकेच्या शाळेबद्दल आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेतही बरंचसं असंच असतं.

आकडे पाठ करा, खरंच पाठ करा

हे कंटाळवाणं आहे पण सभेत ज्याला आकडे माहीत असतात त्याचं ऐकलं जातं. राज्याचा १७ जून २०१० चा शासन निर्णय आहे. समिती १२ ते १६ जणांची, मुख्याध्यापक सोडून. त्यात किमान ७५ टक्के पालक, म्हणजे १२ ची समिती असेल तर ९ पालक, १६ ची असेल तर १२. उरलेल्यात एक स्थानिक प्राधिकरणाचा म्हणजे आपल्याकडं महापालिकेचा निवडून आलेला प्रतिनिधी, एक शिक्षक आणि तो शिक्षकांनीच निवडायचा, आणि एक शिक्षणातलं किंवा बालविकासातलं जाणकार माणूस, ज्याला पालकांनी सभेत निवडायचं. एकूण सदस्यांत निम्म्या बायका पाहिजेत. वंचित गटातल्या आणि दुर्बल घटकातल्या मुलांच्या आईवडिलांना शाळेतल्या संख्येच्या प्रमाणात जागा पाहिजेत. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पालकांतूनच. मुख्याध्यापक सचिव असतात, अध्यक्ष नाही. शिवाय शाळेतली दोन मुलं स्वीकृत सदस्य, त्यात एक तरी मुलगी. आणि दर दोन वर्षांनी समिती नव्यानं करायची.

त्या नगरसेवकाच्या जागेबद्दल एक. २०२० च्या नोव्हेंबरात महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि नंतर पाच वर्षं प्रशासकच होते, नगरसेवक नाहीत तर ही जागा भरणार कुठनं. त्या काळात तयार झालेल्या समित्यांतल्या काही जणांना अशी जागा असते हेच माहीत नाही. आता जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली, तेव्हा तुमच्या शाळेत ही जागा भरली का ते विचारा. नगरसेवक दर बैठकीला येईल अशी आशा मी तरी धरणार नाही, पण टाकी बसवायची असते तेव्हा त्याचा एक फोन आपल्या दहा अर्जांच्या बरोबरीचा असतो हे खरं आहे, आवडो न आवडो.

सगळ्यात आधी तारीख काढा

शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना साधं विचारायचं, "सर, आत्ताची समिती कधी झाली, मुदत कधी संपते?" एवढंच. भांडायच्या सुरात नको. आमच्या सरांना मी विचारलं तेव्हा त्यांनी आधी चष्म्यावरनं बघितलं, मग म्हणाले, "तुम्हाला यायचंय काय समितीत? या की, कोण येतच नाही हो." आणि ते खोटं नव्हतं. बाहेरनं बघताना वाटतं की शाळेला पालक नको असतात, काही ठिकाणी नकोच असतात, पण पुष्कळ ठिकाणी मास्तर लोक पालक शोधून दमलेले असतात.

समिती बहुतेक करून जून ते ऑगस्टमध्ये बदलतात. आता कोल्हापुरातला जुलै म्हणजे काय ते नवीन माणसाला सांगायला पाहिजे. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटावर गेलं की इशारा आणि ४३ ला धोका, आणि मग सगळं गाव रोज पाण्याचा आकडाच बघत बसतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. अशा वेळी शाळेला सुट्टी, काही शाळांत पूरग्रस्तांची सोय, नदीकडच्या पालकांचं स्वतःचंच घर हलवायचं असतं, आणि त्यात पालक सभा ठेवली की येणार कोण. तेव्हा मुदत संपत आली असेल तर सभा जूनच्या शेवटाला घ्या असं आधीच सांगून ठेवा, लेखी द्या, दोन ओळींचा अर्ज पुरतो.

वार आणि वेळ तर त्याच्याहून महत्त्वाची. आमच्याकडं पहिली सभा मंगळवारी सकाळी ११ ला होती. सकाळी ११ ला धुण्याभांड्याची कामं करणारी बाई कशी येणार, एमआयडीसीत फर्स्ट शिफ्टला गेलेला माणूस कसा येणार, रिक्षावाल्याचा तर तोच धंद्याचा टायम. पटावर १४० मुलं आणि सभेला १४ माणसं. त्या १४ मधलेच ९ पालक समितीत गेले, त्यात मी, कारण मी घरी शिलाईकाम करते आणि मला मशीन बंद करून येता आलं, माझ्यात दुसरी कुठलीच लायकी नव्हती. दुसऱ्या खेपेला आम्ही शनिवारी शाळा सुटायच्या टायमाला सभा मागून घेतली, पोरांना न्यायला माणसं येतातच, ती तशीच आत बसवली. साठच्या वर माणसं होती. बदल म्हणाल तर एवढाच केला होता आम्ही.

शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं तेव्हा पोरगं शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला १ रुपया दंड ठेवला होता. सभेला दांडी मारणाऱ्या पालकाला पण असा दंड पाहिजे होता असं आमचे एक आण्णा दर सभेत म्हणायचे, आणि ते स्वतः दर सभेला अर्धा तास उशिरा यायचे.

सभेच्या आधीचे पंधरा दिवस

खरी निवडणूक गेटवर होते, सभेत फक्त हात वर होतात. पोरं सोडायला आणि न्यायला जी दहा मिनिटं मिळतात तीच तुमची प्रचाराची वेळ. प्रचार म्हणजे काय तर बोलायचं. "वैनी, तुमची कितवीत? नळाला पाणी असतंय का ओ वरच्या मजल्यावर?" माणसं स्वतःहून बोलतात. वही ठेवा एक छोटी, कोण काय म्हणालं ते लिहा, कारण नंतर समितीत गेल्यावर तीच वही कामाला येते.

व्हॉट्सॅप ग्रुपवर फार विसंबू नका. आमच्या वर्गाच्या ग्रुपवर ४० जण होते, त्यातले निम्मे नंबर बंद पडलेले, काही नंबर बापाच्या नावावर आणि बाप कामाला बेंगलोरला. आजी जी रोज पोराला आणते तिच्याकडं साधा बटणाचा फोन. तिला तोंडानं सांगायला लागतं.

एकटीनं उभं राहू नका. निम्म्या बायका पाहिजेत या नियमाचा उपयोग करून घ्या, पण नावापुरती बाई आणि बैठकीला तिचा नवरा असं होऊ देऊ नका. हे मी लय बघितलं. नाव हिचं, खुर्चीवर तो. एकदा तर सहीसुद्धा तोच करायला लागला, तेव्हा आमच्या एक मावशी, भाजी विकतात त्या, म्हणाल्या, "दादा, पोरगं तुमचं पण हाय हे मान्य, पर निवडलंय तिला. तिला आत पाठवा आणि तुम्ही पोराला धरून भायेर बसा." तो बसला की बाहेर. असं कुणीतरी म्हणणारं लागतंय.

आणखी एक. आपल्या कोल्हापुरात पेठ, तालीम, मंडळ, गट हे सगळीकडं असतं, शाळेच्या समितीत पण येतं. कुणीतरी येऊन सांगतं की अध्यक्ष आमच्या मंडळाचा होऊ दे, बोर्ड लावून देतो, गॅदरिंगला साऊंड फुकट देतो. साऊंड घ्या की, कोण नको म्हणतंय. पण अध्यक्षाचं मूल त्या शाळेत शिकतंय का, एवढं विचारा. आईबाप किंवा पालक असल्याशिवाय अध्यक्ष होताच येत नाही, मंडळाचा अध्यक्ष असला तरी. जाणकार म्हणून जी एक जागा असते तिथं मात्र शाळेबाहेरचं माणूस चालतं. आमच्या इथं निवृत्त बालवाडीच्या बाई होत्या, त्यांच्याएवढा उपयोग कुणाचाच झाला नाही. त्या जागेवर कुणी भाषणबाज घेऊ नका.

शाळेची माहिती आधीच काढून ठेवायची असेल तर यूडायस प्लस म्हणजे सगळ्या शाळांची माहिती ठेवणाऱ्या सरकारी वेबसाईटवर जावा. प्रत्येक शाळेला ११ आकडी यूडायस कोड असतो, त्यावरनं पट किती, शिक्षक किती, शौचालयं किती दाखवलीत हे दिसतं. दाखवलीत म्हणते मी. कागदावर मुलींसाठी चार आणि प्रत्यक्षात दोनला कुलूप असेल तर तुम्हाला सभेत बोलायला मुद्दा मिळाला, दुसरं काय.

सभेच्या दिवशी

आत जाताना हजेरीच्या वहीवर सही करा आणि आपल्या नावाच्या पुढं मुलाचं नाव आणि इयत्ता लिहा. वही कोरी असेल, वर तारीख आणि विषय नसेल, तर आधी ते लिहायला सांगा, मग सही. हे मी फार कडू अनुभवानं सांगते. पहिल्या वर्षी मी कोऱ्या पानावर सही करून आले, गडबडीत, भात लावून आलेले. नंतर बघते तर त्या पानावर एका ठरावाला सर्वानुमते मंजुरी, सूचक कोण तर मी! कसला ठराव तेच मला माहीत नव्हतं. काय मोठा घोटाळा नव्हता, जुनी बाकं निर्लेखित करायचा, म्हणजे मोडीत काढायचा ठराव होता, पण त्या दिवसापासनं मी कोऱ्या कागदावर घरातल्यांना पण सही देत नाही.

सभा सुरू झाली की पहिला प्रश्न हा विचारा, "सर, समिती किती जणांची करायची, १२ का १६?" हे ठरल्याशिवाय नावं घेऊ देऊ नका. मग वर्गवार जागा वाटून घ्यायच्या का, हे विचारा. आम्ही इयत्तेप्रमाणं पालक घेतले, म्हणजे पहिली-दुसरीच्या आया मागं राहत नाहीत, नाहीतर सगळी समिती सातवीच्या पालकांची होते आणि वर्षात त्यांची पोरं शाळेतनं बाहेर. मूल शाळेतनं गेलं की तुमची जागा पण गेली, मग पुन्हा भरा. म्हणून पहिली ते पाचवीचे पालक जास्त घ्या असं माझं मत, शेजारच्या शाळेतल्या ताईंचं मत वेगळं आहे, त्या म्हणतात सातवीच्या पालकांना शाळा जास्त कळते. असेल.

मत कसं द्यायचं, हात वर करून का चिठ्ठीनं, एका घराला एक का आई आणि बाप दोघं, हे सभेच्या सुरवातीलाच सगळ्यांसमोर ठरवून इतिवृत्तात, म्हणजे सभेच्या लेखी नोंदीत लिहून घ्या. मधेच ठरवायला गेलं की भांडण नक्की. एका जागेला एकच नाव आलं तर बिनविरोध, बरंच झालं. दोन नावं आली तर लाजू नका, मत घ्या. आपल्याकडं "कशाला वाईटपणा" म्हणून एकाला गप्प बसवतात आणि ते माणूस पुढं दोन वर्षं रुसून बसतं. चिठ्ठ्या टाका, मोजा, चहा प्या, संपलं. आमच्याकडं उपाध्यक्षपदाला दोघी होतो, मला ३१ आणि दुसरीला २७. ती आजपण माझ्याकडंच ब्लाऊज शिवून घेते.

उठायच्या आधी इतिवृत्त मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा. नावं, जागेचा प्रकार, कोण सूचक, कोण अनुमोदक, सगळं. मोबाईलवर फोटो काढून घ्या. आणि सदस्यांची यादी शाळेत दर्शनी भिंतीवर लावायला सांगा.

नियम मोडून समिती झाली असेल, म्हणजे सभाच घेतली नाही किंवा बायका निम्म्या नाहीत, तर आधी मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि पोच घ्या. पोच म्हणजे आपल्या कॉपीवर शिक्का आणि तारीख, तोंडी "बघतो" याला पोच म्हणत नाहीत. मग प्रशासनाधिकाऱ्यांकडं. आरटीईच्या कलम ३२ प्रमाणं स्थानिक प्राधिकरणाकडं लेखी तक्रार केली तर त्यांनी दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, आणि तो पटला नाही तर राज्य बालहक्क आयोगाकडं अपील. मी स्वतः इतक्या लांब कधी गेले नाही, पोच घेतलेल्या अर्जावरच काम झालं. शिक्का मारताना साहेबांचा हात थोडा जड होतो, पण मारतात.

निवडून आल्यावर पहिले तीन महिने

आता गंमत अशी की निवडून आल्यावर पहिल्या बैठकीत हार-बुके होतात, फोटो होतो आणि मग कुणालाच माहीत नसतं की करायचं काय. कायद्यात कामं तीनच मोठी आहेत. शाळा कशी चाललीय यावर लक्ष ठेवणं, शाळा विकास आराखडा करणं, आणि शाळेला आलेला पैसा कसा खर्च होतोय ते बघणं. बैठक महिन्याला एक तरी व्हायला पाहिजे. आमची एक बैठक फेब्रुवारीत ठेवली आणि नेमकी त्या दिवशी शाहू स्टेडियमवर मॅच, एक पुरुष सदस्य फिरकला नाही, सहा बायकांनीच बैठक केली आणि ती आमची सगळ्यात चांगली बैठक झाली, दीड तासात चार विषय.

पैशापासनं सुरू करा, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथंच आहेत. मला वाटायचं शाळेला लाखो रुपये येतात आणि कुठं जातात कोण जाणे. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: ३० पर्यंत मुलं असतील तर वर्षाला १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, १,००० पर्यंत ७५,००० आणि त्याच्या वर १ लाख. यातला किमान १० टक्के स्वच्छतेवर. म्हणजे आमच्या १४० पटाच्या शाळेला ५०,०००. त्यात वीजबिल, खडू, रजिस्टरं, किरकोळ दुरुस्ती. हिशोब बघितल्यावर माझा अर्धा राग तिथंच गळून पडला आणि उरलेल्या अर्ध्या रागाचा नीट उपयोग झाला. शिक्षक पगार, इमारत, मोठी दुरुस्ती यातलं काही समितीच्या हातात नसतं, ते महापालिकेकडं मागायचं असतं. त्यामुळं "गळकं छत समिती का दुरुस्त करत नाही" असं कुणी गेटवर म्हणालं तर त्याला हे सांगा, शांतपणे.

हिशोब मागताना "दाखवा बघू" असं म्हणू नका. "सर, पुढच्या बैठकीच्या विषयात जमाखर्च वाचन घेऊया" असं म्हणा. एकदा विषयपत्रिकेवर आलं की वाचायलाच लागतं. अगदीच टाळाटाळ झाली तर माहितीचा अधिकार आहेच, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज, ३० दिवसांत उत्तर, पण तो शेवटचा मार्ग, कारण त्यानंतर सर तुमच्याशी पहिल्यासारखं बोलत नाहीत.

मग आहार. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला पाहिजेत, सहावी ते आठवीला ७०० आणि २० ग्रॅम. आपण काय कॅलरी मोजायला जात नाही, पण चव घेऊ शकतो. आळीपाळीनं जावा, आधी सांगू नका, पोरांच्या पंगतीत बसून खावा. नुसतं झाकण उघडून वास घेऊन परत येणारे सदस्य मी बघितलेत. चव रजिस्टरमध्ये खरं लिहा. "उत्तम" हा शब्द त्या रजिस्टरमध्ये इतक्यांदा असतो की त्याला काय अर्थच राहत नाही. मी एकदा "डाळ पातळ, मीठ जास्त, भात चांगला" असं लिहिलं तर आठवडाभर डाळ घट्ट यायला लागली.

शिक्षक किती पाहिजेत हेपण बघा. पहिली ते पाचवीला ६० पर्यंत मुलांना २ शिक्षक, ९० पर्यंत ३, १२० पर्यंत ४, २०० पर्यंत ५. कमी असतील तर ठराव करा आणि प्रशासनाधिकाऱ्यांना पाठवा. शिक्षकांना जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून दुसरी कामं लावायची नाहीत असं कलम २७ सांगतं. हे वाचून दाखवलं तेव्हा आमच्या बाई एवढ्या खूश झाल्या की त्या दिवसापासनं त्या आमच्याच पार्टीत. हे सांगायचं कारण, मास्तर विरुद्ध पालक असा सामना करून ठेवला तर पदरात काय पडत नाही. महापालिकेच्या शाळा वाईटच असतात असं समजूनपण जाऊ नका, कोल्हापुरातच जरगनगरच्या महापालिकेच्या शाळेत पहिलीच्या प्रवेशाला गुढीपाडव्याच्या आदल्या रात्रीपासून पालक रांगा लावतात.

आणि ती दोन स्वीकृत मुलं असतात ना, त्यांना बैठकीत नुसतं चॉकलेट देऊन बसवू नका. आम्ही मोठी माणसं तीन बैठका सीसीटीव्हीवर बोलत होतो. सातवीतली एक मुलगी, तिला विचारलं "तुला काय पाहिजे ग?" तर म्हणाली, "मुलींच्या बाथरूमला आतनं कडी नाही. आम्ही दोघी दोघी जातो, एक दार धरून उभी राहते." सगळे गप्प. कडी आणि स्क्रू मिळून शंभर रुपयांचं काम, दुसऱ्या दिवशी एका सदस्याच्या नवऱ्यानं, सुतार आहेत ते, फुकट बसवून दिली. दोन वर्षं ती कडी नव्हती, आणि त्यातलं निदान एक वर्ष मी समितीत होते.

आराखडा लिहिताना

शाळा विकास आराखडा तीन वर्षांचा असतो, त्यात दर वर्षाचा वेगळा भाग, आणि तो आर्थिक वर्ष संपायच्या तीन महिने आधी तयार पाहिजे, म्हणजे डिसेंबर अखेर. बहुतेक ठिकाणी तो मागच्या वर्षीचा कॉपी करून तारीख बदलून जातो. सुट्टीच्या दिवशी चार जण शाळेत जावा, हातात ती गेटवरची वही घ्या आणि खोली खोली फिरा. काय लिहायचं ते असं लिहा की नंतर बघणाऱ्याला झालं का नाही कळेल. "पाण्याची सोय सुधारणे" लिहू नका, "वरच्या मजल्यावर तीन नळ, टाकीपासनं पाईप" असं लिहा. अध्यक्ष आणि सचिवांच्या सह्या, पोच, फोटो.

आम्ही आराखड्यात ११ गोष्टी लिहिल्या, दोन वर्षांत ४ झाल्या. पाणी, कडी, पायऱ्यांशेजारी रॅम्प आणि एका वर्गाचे दिवे. मैदानाचा विषय अजून तसाच लोंबकळतोय, ती फाईल कुठल्या टेबलावर आहे ते मला तोंडपाठ आहे.

मुदत संपताना एक काम करा जे आमच्या आधीच्या समितीनं आमच्यासाठी केलं नव्हतं. इतिवृत्ताच्या फोटोंचा, अर्जांच्या पोचांचा आणि आराखड्याचा एक गठ्ठा करून नव्या अध्यक्षांच्या हातात द्या, त्यांच्यासमोर वही उघडून काय राहिलंय ते बोटानं दाखवा. समितीच्या खात्यावर अध्यक्ष म्हणून तुमची सही चालत असेल तर ती बदलायचा ठराव शेवटच्याच बैठकीत करून घ्या, नाहीतर सहा महिन्यांनी बँकेतनं फोन येतो आणि मशीनवरचं काम टाकून जायला लागतं.